लाल भिंतींचे बॉम जेझू

पणजी सोडून जुन्या गोव्याकडे निघाले की रायबंदरपर्यंत सरळसोट जाणारा रस्ता लागतो. तो मुळात दगडी बांध आहे, हे त्यावरून रोज ये-जा करणाऱ्यांच्याही क्वचितच लक्षात येते. डाव्या हाताला मांडवी, उजव्या हाताला मिठागरे आणि तिवरांनी भरलेली खाजणे, आणि मधून गेलेला हा सुमारे तीन किलोमीटरचा बांध. व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या, म्हणजे लिन्यारिशचा काउंट, याने तो १६३३-३४ साली बांधून घेतला. दलदलीत जांभ्याचे चिरे रचून केलेल्या या कामावरून आज बस, ट्रक आणि पर्यटकांच्या भाड्याच्या दुचाक्या धावतात. बांधला तेव्हा राजधानी पलीकडच्या टोकाला होती आणि पणजी ही राजधानीबाहेरची लहानशी वस्ती होती.

रायबंदरला रस्ता अरुंद होतो. जुन्या घरांच्या बाल्कन्या अंगावर आल्यासारख्या वाटतात. इथल्या धक्क्यावरून चोडण बेटाकडे फेरीबोट जाते. पक्षी पाहणारे तिथल्या सालिम अली अभयारण्यासाठी इथेच उतरतात. बाकीचे पुढे जातात.

जुन्या गोव्यात पोहोचणारा प्रवासी पहिल्यांदा गोंधळतो तो शहर शोधताना. समोर प्रचंड चर्च दिसतात. एक, दोन, तीन, झाडीतून डोकावणारे चौथे. त्यांच्यामध्ये हिरवळ आहे, नारळ आहेत, डांबरी चौक आहे, पण घरे नाहीत. एवढ्या चर्चांत प्रार्थनेला बसणारी माणसे राहत होती कुठे?

माणसे होती, आणि भरपूर होती. विजापूरच्या आदिलशाहीतले हे महत्त्वाचे बंदर. आफोंसो द आल्बुकेर्कने ते २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, कायमचे घेतले. त्यानंतर अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार पोर्तुगीजांच्या मुठीत आला. विजयनगर आणि विजापूर दोघांनाही घोडदळासाठी हेच घोडे लागत, त्यामुळे पोर्तुगीज दोघांकडूनही पैसा काढत. मिरी, कापड, चिनी माल, गुलाम, सगळ्याची उलाढाल इथे होई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथली लोकसंख्या दोन लाखांच्या घरात असावी, असा अंदाज केला जातो. मग साथी आल्या. दाट वस्ती, सांडपाण्याने नासलेल्या विहिरी आणि भोवतालची दलदल यांनी शहर पोखरले. त्यातच डच आरमाराने पोर्तुगीजांचा सागरी व्यापार मोडला. १७५९ साली व्हाइसरॉयने पणजीला मुक्काम हलवला आणि १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. मोडलेल्या वाड्यांचे चिरेही माणसांमागोमाग पणजीच्या बांधकामांवर गेले. चर्च मात्र बरीचशी राहिली. देवाच्या घराचा दगड काढायला हात सहसा धजत नाहीत.

शहराची सुरुवात नदीकडून होई, म्हणून पाहणेही तिथूनच सुरू करावे. धक्क्यावरून वर येणाऱ्या वाटेवर व्हाइसरॉयची कमान आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रांसिस्को द गामा व्हाइसरॉय होऊन आला आणि त्याने १५९९ साली पणजोबांच्या स्मरणार्थ ती उभारली. नवा व्हाइसरॉय बोटीतून उतरून याच कमानीखालून शहरात शिरे. आजची कमान ही पडझडीनंतर १९५४ साली पुन्हा उभी केलेली. थोडे पुढे, काळ्या दगडाच्या सहा पायऱ्यांवर एकटाच उभा असलेला कोरीव दरवाजा दिसतो. आदिलशाही वाड्याचे एवढेच उरले आहे. वाडा पोर्तुगीज व्हाइसरॉयांनीही वापरला, पण त्याच्या चौकटीची घडण अस्सल दख्खनी आहे.

शेजारीच सेंट कॅजेटनचे चर्च आहे. रोमच्या सेंट पीटर्सचा नमुना समोर ठेवून इटलीहून आलेल्या थिएटाइन पंथाच्या पाद्र्यांनी ते सतराव्या शतकात बांधले. घुमटाच्या बरोबर खाली विहीर आहे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

चौकाच्या अलीकडे पांढरेशुभ्र से कॅथेड्रल पसरले आहे. १५६२ साली सुरू झालेले मुख्य बांधकाम १६१९ साली संपले आणि आतल्या वेद्या पुऱ्या व्हायला १६५२ उजाडले. लांबी ७६ मीटर, रुंदी ५५ मीटर. दर्शनी भागाकडे पाहताना काहीतरी चुकते आहे असे वाटत राहते, आणि ते खरेही आहे. दोन मनोऱ्यांपैकी एक १७७६ साली कोसळला आणि पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात गोव्यातली सर्वांत मोठी घंटा आहे, तिला 'सोनेरी घंटा' म्हणतात. घंटांचा विषय निघाला की मराठी माणसाला वसई आठवते. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर तिथल्या चर्चांच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांत गेल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आणि एक मेणवलीला आजही टांगलेली आहे. गोव्यातल्या या घंटेवर तशी पाळी आली नाही, पण येता येता राहिली. ती गोष्ट पुढे येईलच.

कॅथेड्रलसमोरच्या मोकळ्या जागेत इन्क्विझिशनचा वाडा होता. १५६० साली सुरू झालेले हे धर्मन्यायालय मधली चार वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालले. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी घरात तुळस लावली, जुन्या रितीने लग्न लावले, एवढ्यावरूनही माणूस इथे ओढला जाई. वाड्याचा आज मागमूस नाही. फिरताना बहुतेक वाटाडे हा तुकडा गाळतात, आणि हे बरे नव्हे. या चर्चांची भव्यता आणि तो वाडा एकाच काळातले आहेत.

कॅथेड्रलमागच्या सेंट फ्रान्सिस असिसीच्या चर्चमध्ये जाताना दरवाजापाशी क्षणभर थांबावे. इमारत १६६१ सालची, पण दरवाजाची काळी कोरीव चौकट तिच्याहून जुनी, आधीच्या चर्चची आहे. आत फरशी म्हणून घातलेल्या दगडांवर घराण्यांची चिन्हे आणि पोर्तुगीज अक्षरे आहेत. त्या कबरींच्या शिळा. सरदार, त्यांच्या बायका, मुले यांच्या नावांवरून चालतच वेदीपर्यंत जावे लागते.

रस्ता ओलांडला की बॉम जेझू.

इतकी पांढरी चर्च पाहून आलेल्या डोळ्यांना हा रंग दचकवतो. विटकरी, तांबडा, जागोजागी काळवंडलेला. भिंत उघड्या जांभ्याची आहे. त्या तांबड्या अंगावर खांब, चौकटी, कणी आणि पट्ट्या मात्र करड्या-काळ्या दगडाच्या आहेत. हा बेसॉल्ट गोव्याचा नव्हे. तो वसईहून जहाजाने आणला गेला. वसई तेव्हा पोर्तुगीजांची उत्तरेकडची राजधानी होती आणि तिथला सह्याद्रीचा काळा दगड कोरीव कामाला जांभ्यापेक्षा फार सरस. जांभा सच्छिद्र असतो, त्यावर बारीक नक्षी धरत नाही. म्हणून भिंतीचे पोट गोव्याचे आणि नाकडोळे वसईचे, अशी ही वाटणी झाली.

दर्शनी भाग वाचायला सोपा आहे. खाली तीन दरवाजे, त्यांच्यावर तीन मोठ्या चौकोनी खिडक्या, त्यांच्यावर तीन गोल खिडक्या, आणि सर्वांत वर एक चौकोनी माथा. त्या माथ्यावर देवदूतांच्या मध्ये 'आय एच एस' ही अक्षरे कोरली आहेत. येशूच्या ग्रीक नावातली ही पहिली तीन अक्षरे म्हणजे जेझुइट पंथाची मुद्रा. गोव्यातल्या चर्चांना दोन्ही बाजूंना मनोरे असतात, तसे इथे नाहीत. घंटेचा मनोरा मागे ढकलला आहे, त्यामुळे समोरून सगळी नजर त्या मुद्रेवर जाते.

चर्च बांधले गेले एका सैनिकाच्या पैशातून. कोचीनचा कॅप्टन दों जेरोनिमो मास्कारेन्यश १५९३ साली वारला. त्याने ठेवलेल्या मालमत्तेतून २४ नोव्हेंबर १५९४ रोजी पाया घातला गेला आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेशो द मेनेझिश यांनी चर्चचे अर्पण केले. शेजारचे जेझुइटांचे निवासस्थान त्याआधीच उभे होते. 'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स याच पंथाचे. ते १५७९ साली गोव्यात आले, म्हणजे इथे चिरे चढत होते त्या काळात ते साष्टीत काम करीत होते. त्यांचे मराठी ओवीबद्ध पुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले.

आत पाऊल टाकले की पहिली जाणीव मोकळेपणाची होते. मध्ये खांबांच्या रांगा नाहीत. एकच लांबरुंद दालन, सुमारे ५६ मीटर लांब आणि १७ मीटर रुंद, थेट वेदीपर्यंत. जेझुइट हे प्रवचनकारांचे मंडळ. शेवटच्या रांगेतल्यालाही पाद्री दिसला पाहिजे आणि ऐकू आला पाहिजे, या हिशेबाने त्यांची चर्च बांधली जात. प्रवचनाचे लाकडी व्यासपीठ उजव्या भिंतीवर मध्यावर आहे. ते जवळून पाहण्यासारखे आहे. कठड्यावर येशू, चार शुभवर्तमानकार आणि चर्चचे चार आचार्य कोरले आहेत, पण खरी मजा तळाशी आहे. तिथे सात आकृत्या व्यासपीठाचा भार डोक्याखांद्यांवर घेऊन उभ्या आहेत. गोव्याच्या सुतारांनी युरोपातून आलेल्या चित्रांवरून संत कोरले, पण ओझे वाहणारी माणसे त्यांना चित्रात पाहावी लागली नसावीत.

समोरच्या भिंतीत मास्कारेन्यशचे स्मारक आहे. आणि पुढे वेदी. जमिनीपासून छतापर्यंत सोन्याचा मुलामा दिलेली, पिळाच्या खांबांची. खाली लहानसा बालयेशू, ज्याच्या नावाचे हे चर्च, आणि त्याच्यावर जवळजवळ तीन मीटरची इग्नेशस लोयोलाची मूर्ती. पंथसंस्थापकाची मूर्ती इतकी मोठी आणि येशू इतका लहान, हे प्रमाण जरा खटकते. लोयोलाची नजर मात्र वर, सूर्यासारख्या गोलातल्या त्याच तीन अक्षरांकडे लागलेली आहे.

बहुतेक लोक वेदीपाशी थांबत नाहीत. ते उजवीकडे वळतात, कारण तिथे 'गोंयचो सायब' आहे.

फ्रान्सिस झेवियर हा स्पेनमधल्या नवारचा, जन्म १५०६. गोव्यात ६ मे १५४२ रोजी आला आणि दहाच वर्षांत मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असे पूर्वेचे टोक गाठून ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांचियान बेटावर वारला. शरीर लवकर झिजावे म्हणून पेटीत चुना भरून पुरले होते. काही महिन्यांनी उकरले तर ते तसेच होते. मलाक्कामार्गे १५५४ साली ते गोव्यात आले तेव्हा शहर लोटले. एका बाईने पायाचे चुंबन घेताना बोटच तोडले, अशी कथा आहे. उजवा हात कोपरापासून कापून १६१४ साली रोमला पाठवला, ही मात्र कथा नव्हे. हे शव आधी सेंट पॉल कॉलेजात होते. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आला तो याच कॉलेजात, आज त्याच्या दाराची कमान तेवढी उरली आहे. झेवियरला १६२२ साली संतपद मिळाले आणि त्यानंतर १६२४ साली शव बॉम जेझूकडे आले.

चांदीची पेटी १६३७ सालची. फादर मास्त्रिली या इटालियन जेझुइटाने ती करवून घेतली आणि गोव्याच्या सोनारांनी घडवली. तिच्या बाजूंवर संताच्या आयुष्यातले ३२ प्रसंग उठावात आहेत. ती ज्या चौथऱ्यावर आहे तो आणखी लांबून आला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक, मेदिची घराण्यातला कोझिमो तिसरा, याला संताच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली. परतफेड म्हणून त्याने फ्लोरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याच्याकडून रंगीत संगमरवराचा चौथरा करवून घेतला. त्याला दहा वर्षे लागली. सुट्या भागांत जहाजाने येऊन तो १६९८ साली इथे जोडला गेला. चारही बाजूंना ब्राँझचे पट आहेत. त्यांतल्या एकात, पाठलाग करणाऱ्यांपासून जीव वाचवायला झेवियर पाण्यात उतरला आहे.

मराठी प्रवाशाने या पेटीसमोर थोडे जास्त थांबावे, कारण १६८३ साली ती उघडली गेली ती मराठ्यांच्या भीतीने. त्या वर्षी आल्वोरचा काउंट व्हाइसरॉय होता. त्याने फोंड्याचा किल्ला घ्यायला जाऊन मार खाल्ला. मागोमाग छत्रपती संभाजी महाराजांच्या सैन्याने २४ नोव्हेंबरच्या रात्री जुवे बेट घेतले. जुवे म्हणजे राजधानीच्या अगदी तोंडावर. दुसऱ्या दिवशी प्रतिहल्ला करायला गेलेला व्हाइसरॉय जखमी होऊन पळत आला. शहरात हलकल्लोळ झाला. तेव्हा तो बॉम जेझूत गेला, शवपेटी उघडायला लावली आणि आपला अधिकारदंड व राजाची सनद संताच्या हाती ठेवून राज्य वाचवण्याची याचना केली.

राज्य वाचले. मोगल शहजादा शाह आलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरत असल्याची खबर आली आणि संभाजी महाराजांना वेढा आवरता घ्यावा लागला. गोव्याने श्रेय संताला दिले. मराठी इतिहास ते औरंगजेबाच्या मुलाला देतो, आणि कागदपत्रे त्याच बाजूची आहेत. पण पुढे अनेक वर्षे नवा गव्हर्नर अधिकारदंड झेवियरच्या पेटीपाशी येऊनच घेई, यावरून ती भीती किती खोल गेली होती ते कळते.

दर दहा वर्षांनी शवाचे जाहीर दर्शन असते. अलीकडचे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असे झाले, त्यासाठी पेटी समोरच्या कॅथेड्रलमध्ये नेली होती. एरवी गर्दी होते ती ३ डिसेंबरच्या फेस्ताला. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते आणि कारवार, बेळगाव, सिंधुदुर्गातून भाविक पायी येतात. गळ्यात रोझरी असलेले आणि कपाळाला कुंकू असलेले, दोघेही त्या रांगेत असतात. बाहेर मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय आणि बाहुल्या विकायला असतात. ज्याचे जे दुखते ते वाहायचे. पलीकडे खाजे आणि चण्यांची दुकाने लागतात. जत्रा म्हणजे जत्रा.

चर्चमधून बाहेर पडून पश्चिमेच्या टेकडीवर चढले की सेंट ऑगस्टीनचे अवशेष लागतात. १६०२ साली पुरे झालेले हे चर्च गोव्यातल्या सर्वांत मोठ्या चर्चांपैकी होते. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले, पाद्री गेले, छपराकडे पाहणारे कोणी राहिले नाही. १८४२ साली छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा गेला. आज सुमारे ४६ मीटरचा उभा सुळका राहिला आहे. त्याची घंटा पणजीच्या चर्चमध्ये आहे. याच ढिगाऱ्यात जॉर्जियाची राणी केटेवान हिचे अवशेष सापडले. शिराझमध्ये १६२४ साली छळ होऊन मारल्या गेलेल्या या राणीच्या अस्थी ऑगस्टिनियन पाद्र्यांनी गोव्यात आणल्या होत्या. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ साली भारताने त्या जॉर्जियाला दिल्या.

या टेकडीवर जांभ्याचा स्वभाव नीट समजतो. खाणीतून निघताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. हवा लागली की कठीण होतो. पण त्याच्या छिद्रांतली माती पावसाने धुपत राहते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणून इथले जुने गवंडी जांभा उघडा ठेवत नसत. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा आणि त्यावर पावसाळ्यानंतर पुन्हा चुन्याचा हात, ही रीतच होती. पांढरी चर्च पांढरी आहेत ती या रितीमुळे.

मग बॉम जेझू लाल कसे? तेही पांढरेच होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला सालाझार राजवटीने पोर्तुगालहून बाल्ताझार कास्त्रो यांना इथल्या स्मारकांच्या कामासाठी पाठवले. चर्च अधिक प्राचीन दिसावे म्हणून त्यांनी भिंतींवरचा गिलावा उतरवला. वसईचा बेसॉल्ट पांढऱ्या भिंतीवर उठून दिसावा ही मूळ योजना मोडली, आणि साडेतीनशे वर्षे झाकलेला चिरा पावसात उघडा पडला. १९८६ साली युनेस्कोच्या यादीत ही चर्च आली तोवर लाल रूप सर्वांच्या डोळ्यांत बसले होते. २०२० साली चर्चच्या रेक्टरांनी उघड पत्र लिहून छत आणि भिंतींच्या झिजेकडे लक्ष वेधले. पुन्हा गिलावा करावा अशी मागणी त्यानंतर जोर धरू लागली. विरोध करणारे म्हणतात की हे रूप आता जगाच्या ओळखीचे झाले आहे आणि नवा गिलावा जुन्या दगडाला मानवेल की नाही, हे आधी तपासले पाहिजे.

तपासायला हरकत नाही, तपासलेच पाहिजे. पण ओळखीचा मुद्दा टिकणारा नाही. लाल रंग या चर्चचा नव्हे, तो सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या एका सरकारी हौसेचा आहे. उत्तरेच्या भिंतीजवळ गेले तर काही चिऱ्यांच्या कडा गोल झालेल्या दिसतात आणि सांध्यांत शेवाळ धरलेले असते. फोटो काढायला टेकून उभे राहणाऱ्यांच्या कपड्यांना तांबडी धूळ लागते, ती या भिंतीचीच. पोस्टकार्डावरचे रूप बदलले तर बदलू द्यावे. बॉम जेझूला त्याचा चुना परत मिळायला हवा, आणि तो मिळेपर्यंत तिथे जाणाऱ्यांनी निदान भिंतीला हात लावू नये.